स्वाक्षरीतला बॅनर: खंड्या, नाव आणि ५०० बाय १५० ची जागा

निशिगंध

मंडळी, इथे आपल्या प्रत्येक प्रतिसादाखाली दिसते त्या स्वाक्षरीसाठी बॅनर करायला घेतलाय आणि गाडी तीन ठिकाणी अडली आहे. जाणकारांनी जरा हात द्यावा.

माप ५०० बाय १५० पिक्सेल, फाइल १०० केबीच्या आत हवी. फोटो मीच काढलेला: तारेवर बसलेला खंड्या, चोच डावीकडे, मागे सगळं पुसट हिरवं. बॅनरवर खंड्या उजवीकडे, डावीकडे मोठ्या अक्षरात ‘निशिगंध’ आणि त्याखाली बारीक ओळ, ‘पक्षी, पानं आणि रिकामा वेळ’. बस्स, एवढंच करायचंय.

पण फोटोशॉपमध्ये नाव लिहिलं की दोन्ही वेलांट्या अक्षराच्या पुढे जाऊन बसतात आणि ‘पक्षी’तला क्ष फुटून क आणि ष वेगवेगळे दिसतात. तोच मजकूर ब्राउझरमध्ये व्यवस्थित आहे. दुसरं, खंड्या कापून गडद पार्श्वभूमीवर ठेवला की त्याच्या कडेने फिकट रेघ राहते. आणि तिसरं, सेव्ह केल्यावर अक्षरांभोवती बारीक कचरा येतो, धूळ बसल्यासारखा.

माझ्याकडे फोटोशॉप सीसी आहे, गिंप हे चित्रं सुधारायचं मोफत सॉफ्टवेअरही आहे. कशातही करायची तयारी आहे.

पिक्सेलपंत

वेलांटीचं आधी सांगतो, कारण देवनागरीत बॅनर करणारा प्रत्येक जण इथे एकदा तरी अडकतो.

युनिकोडमध्ये ‘शि’ साठवताना आधी श असतो, मग वेलांटी. पडद्यावर ती अक्षराच्या आधी नेणं, क् आणि ष जोडून क्ष करणं, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणं, हे सगळं मजकूर रंगवणाऱ्या इंजिनाचं काम. ब्राउझर ते करतो. फोटोशॉपचं जे इंजिन लॅटिन लिपीसाठी लावलेलं असतं ते करत नाही, आली तशी अक्षरं ओळीने मांडून मोकळं होतं.

एडिट, प्रेफरन्सेस, टाइप असं जा. तिथे बऱ्याच आवृत्त्यांत टेक्स्ट इंजिनचा पर्याय आहे. सीसीच्या काही आवृत्त्यांत त्याचं नाव ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ आहे, नंतरच्यांत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’. तो निवडा, फोटोशॉप बंद करून परत उघडा. आधी लिहिलेल्या टेक्स्ट लेयरवर, म्हणजे मजकुराच्या थरावर, हा बदल आपोआप बसेलच असं नाही. तो लेयर निवडून पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा, नाहीतर सरळ नवा लेयर करून मजकूर पुन्हा चिकटवा.

गिंपमध्ये हा प्रश्नच येत नाही. तिथलं टेक्स्ट टूल पँगो आणि हार्फबझ या लायब्रऱ्यांवर चालतं आणि त्यांना देवनागरी नीट येते. फोटोशॉपची अगदी जुनी आवृत्ती असलेल्यांनी नाव गिंपमध्ये लिहावं, पारदर्शक पीएनजी काढावी आणि ती फोटोशॉपमध्ये आणून ठेवावी. काम होतं.

एक गोष्ट मात्र करू नका. अक्षरांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, शून्यावरच राहू द्या. इंग्रजी शीर्षकं ऐसपैस पसरून छान दिसतात म्हणून आपणही तेच करायला जातो आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. मग ते नाव न राहता दात पडलेला कंगवा होतो.

गोगलगाय

मस्त धागा, वाखूसा (वाचनखूण साठवली). एक बाळबोध प्रश्न: नवीन फाइल उघडताना रेझोल्यूशन ७२ ठेवायचं की ३००? ३०० ठेवलं तर बॅनर जास्त सुस्पष्ट येईल ना?

पिक्सेलपंत

@गोगलगाय, नाही. तो आकडा छपाईसाठी असतो, एका इंचात किती पिक्सेल बसवायचे ते सांगणारा. पडद्यावर ५०० बाय १५० म्हणजे ७५,००० पिक्सेल. तिथे ७२ लिहा, ३०० लिहा, पिक्सेल तेवढेच. फरक एकच पडतो: अक्षराचा आकार पॉइंटमध्ये दिला असेल तर ३०० ला तो भलताच मोठा येतो. म्हणून एकक पिक्सेल ठेवा आणि विषय संपवा.

अर्धविराम

निशिगंध, मला एक कळलं नाही. खंड्या कापायचाच कशाला?

तुमच्याच म्हणण्याप्रमाणे मागे सगळं पुसट हिरवं आहे. लेन्सने फुकटात दिलेली इतकी सुरेख पार्श्वभूमी फेकून द्यायची, मग पक्षी पिसापिसाने कापायचा, मग त्यामागे हाताने पुसट रंग भरायचा आणि मग कडेची रेघ घालवायला धागा काढायचा! त्यापेक्षा फोटोच वापरा की.

कॅमेऱ्याचा फोटो साधारण ३:२ असतो आणि तुमचा बॅनर १०:३. म्हणजे ६००० बाय ४००० च्या फोटोतून ६००० बाय १८०० ची आडवी पट्टी निघते. खंड्या शेपटीसकट त्या १८०० पिक्सेल उंचीत मावत असेल तर काम झालं. मावत नसेल तर मोठा चौकोन घ्या आणि डावीकडे कमी पडणारी जागा वाढवा. त्यासाठी पक्ष्यापासून लांबची पुसट पट्टी निवडायची, नवीन लेयरवर घ्यायची आणि फ्री ट्रान्सफॉर्मने डावीकडे ताणायची. पुसटच असल्यामुळे ताणलेलं कळत नाही. फक्त तार त्या पट्टीत घेऊ नका. ती आडवी ताणली तर चालेल असं वाटतं, पण ती जरा जरी तिरकी असली तरी जोडावर गुडघा दिसतो. तार शेवटी वेगळी, सरळ रेघ म्हणून ओढा.

ताणलेल्या भागात रंगांच्या पायऱ्या दिसायला लागल्या तर त्यावर अगदी किंचित नॉइज, म्हणजे बारीक ठिपके, घाला, एक-दोन टक्के. पायऱ्या मोडतात.

चकवा

अर्धविराम, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण मग तो बॅनर कुठला, कापलेला फोटो झाला तो! बॅनर म्हणजे पक्षी कापलेला हवा, मागे दोन-तीन रेंडर (पार्श्वभूमी काढलेली तयार चित्रं), थोडे विखुरलेले ब्रश, एक ग्रेडियंट मॅप सॉफ्ट लाइटला, वर चोचीच्या टोकाशी छोटासा लेन्स फ्लेअर. तेव्हा त्याला खोली येते.

कडेची रेघ हा काही फार मोठा प्रश्न नाही. कापताना इरेझर वापरू नका, लेयर मास्क वापरा, म्हणजे नको तो भाग न खोडता नुसता झाकला जातो. फोटोशॉपमध्ये सिलेक्ट अँड मास्कमधून निवड करा, तिथे ‘डिकंटॅमिनेट कलर्स’ची खूण आहे ती लावा. एवढ्यानेही राहिली तर लेयर, मॅटिंग, डिफ्रिंज, १ पिक्सेल. गिंपमध्ये मास्कवरून निवड करून ती १ पिक्सेल आत घ्या, थोडं फेदर द्या, म्हणजे कड मऊ करा, आणि बाहेरचा भाग मास्कवर काळा करा.

पिक्सेलपंत

रेघ का येते तेही सांगून ठेवतो, म्हणजे कुठे किती घासायचं ते कळेल. पिसाच्या कडेचा पिक्सेल पूर्ण पिसाचा नसतो, त्यात अर्धा मागचा रंग मिसळलेला असतो. फिकट पार्श्वभूमीवरचा पक्षी गडद रंगावर ठेवला की तो मिसळलेला फिकटपणा उघडा पडतो. म्हणून अर्धविराम म्हणतात ते खरं: नव्या पार्श्वभूमीचा रंग जुन्याच्या जितका जवळ, तितकी कापाकापी माफ.

चकवा, खोलीचं तुमचं म्हणणं मान्य आहे, लेन्स फ्लेअरचं नाही. फ्लेअर कॅमेऱ्यात येतो तो भिंगावर तीव्र प्रकाश थेट पडल्यामुळे. पुसट सावलीत बसलेल्या खंड्याच्या चोचीतून प्रकाश फुटायचं काही कारण नाही. उजेड वाढवायचाच तर नवीन लेयर घ्या, ५० टक्के करड्या रंगाने भरा, मोड ओव्हरले करा. तो करडा दिसतच नाही. त्यावर मऊ ब्रशने, अगदी कमी अपॅसिटीवर, जिथे उजेड हवा तिथे पांढरं आणि जिथे सावली हवी तिथे काळं फिरवा. फोटोतला उजेड ज्या बाजूने येतोय त्याच बाजूने. मूळ फोटोला हात लागत नाही, मन बदललं तर लेयर फेकून देता येतो.

तिरकीरेघ

+१ पंत. ओव्हरलेचा करडा लेयर म्हणजे सगळ्या फिल्टरांवर भारी.

खडूफळा

अक्षरांवर कोणी बोललं नाही अजून, म्हणून मी. पंतांनी वेलांटी जागेवर आणून दिली, आता ती कोणत्या फॉन्टची ते ठरवा.

विंडोज २००० पासून वर्षानुवर्षं मंगल आयता मिळत आला म्हणून त्यात बॅनर करू नका. तो पडद्यावर वाचायला आहे, मिरवायला नाही. गूगल फॉन्ट्सवर देवनागरीचे भरपूर फॉन्ट मोफत आहेत आणि मुक्त परवान्याचे आहेत, त्यामुळे बॅनरवर वापरायला कोणाला विचारावं लागत नाही. पुसट, शांत फोटोवर मला मुक्ता आवडतो. त्याची सात वजनं, म्हणजे जाडीच्या सात पायऱ्या, आहेत, नाव जाड आणि ओळ मध्यम जाडीत ठेवता येते, शिवाय दोन्ही एकाच घरातले वाटतात. जागा अरुंद असेल तर खंड किंवा तेको, दोन्ही उभट आहेत. रोझा वनमध्ये जाड आणि बारीक रेघांतला फरक टोकाचा आहे. ४० पिक्सेलच्या वर राजेशाही दिसतो, १५ पिक्सेलला त्याच्या बारीक रेघा विरघळून जातात. मोदक इतका जाडजूड आहे की अक्षरांच्या पोकळ्या जेमतेम उरतात, दोन अक्षरांच्या नावाला धमाल, ओळीला अजिबात नको. हाताने लिहिल्यासारखं हवं तर कलम. यात्रा वन रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला आहे, तोही वेगळा दिसतो, पण खंड्याशेजारी तो स्टेशनाचं नाव वाटेल.

आणि ल, श. निशिगंध, तुमच्या नावात श आहे म्हणून सांगतो. बऱ्याच फॉन्टांत मूळ ल आणि श हिंदी वळणाचे असतात, आपल्या पुस्तकांत असतात तसे नाहीत. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मराठी वळणं डोळ्यांसमोर ठेवूनच केलेला आहे. काही फॉन्टांत दोन्ही वळणं आत असतात आणि सॉफ्टवेअरला भाषा मराठी आहे असं सांगितलं की आपली येतात. गिंपच्या टेक्स्ट टूलमध्ये भाषेचा रकाना आहे, तिथे मराठी निवडून बघा. फॉन्टात सोय असेल तर श तिथल्या तिथे बदलताना दिसेल.

साधामाणूस

खडूफळा, हे ल-श चं माहीतच नव्हतं. इतकी वर्षं नुसतं ‘काहीतरी खटकतंय’ एवढंच वाटायचं.

निशिगंध

सगळ्यांचे आभार! वर्ल्ड-रेडी केल्याबरोबर वेलांट्या घरी आल्या. मुक्ता लावलाय. अर्धविरामांचं ऐकून खंड्या कापला नाही, पट्टीच घेतली, त्यामुळे कडेच्या रेघेचा प्रश्नच मिटला. (चकवा, रागावू नका.)

आता रंग. नावाला चोचीचा रंग दिलाय, तो लालसर नारिंगी, आयड्रॉपरने उचलून. सॅचुरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, थोडं वाढवलं, आणि मागचं हिरवं जरा निळ्याकडे नेलंय, पाठीच्या निळ्याशी जुळावं म्हणून. झूम करून बघितलं की सुंदर दिसतं, पण लांबून नाव थरथरल्यासारखं वाटतं. अक्षरांना २ पिक्सेलची काळी कड देऊ का?

तिरकीरेघ

थरथरणारच. लालसर नारिंगी आणि निळसर हिरवा हे रंग म्हणून एकमेकांच्या विरुद्ध आहेत, पण उजळपणात जवळजवळ सारखे. डोळा अक्षराची कड शोधतो ती मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकातून, रंगातल्या फरकातून कमी. पटत नसेल तर सगळ्यात वर एक ब्लॅक अँड व्हाइट अ‍ॅडजस्टमेंट लेयर लावा किंवा गिंपमध्ये डिसॅचुरेट करा. नाव करड्यात करडं होऊन बुडालं तर रंग चुकीचा. वेब सुलभतेच्या निकषांत बारीक मजकुराला किमान ४.५:१ आणि मोठ्याला ३:१ एवढा कॉन्ट्रास्ट मागितला आहे. बॅनरला कोणी पकडून नेणार नाही, पण मोजपट्टी म्हणून चांगली आहे.

चोचीचा रंग चोचीलाच राहू द्या, पूर्ण चित्रात तो एकाच ठिकाणी असला की नजर बरोबर तिथे जाते. नावाला गळ्याचा पांढरा घ्या. शुद्ध २५५ चा पांढरा नको, फोटोत गळ्याला असतो तो, किंचित पिवळट, समजा २४४, २४१, २३२ च्या आसपासचा. पक्षी आणि नाव एकाच उजेडात असल्यासारखे वाटतात.

पिक्सेलपंत

काळी कड नको. कड लागतेय याचा अर्थ रंग चुकलाय किंवा मागे गर्दी आहे. त्यापेक्षा नावाच्या मागे पार्श्वभूमी थोडी गडद करा, तोच करडा ओव्हरले लेयर आहे की हाताशी.

तरीही कोणाला कड हवीच असेल तर देवनागरीपुरती एक सूचना. टेक्स्टचा पाथ काढून त्याला स्ट्रोक देऊ नका. फॉन्टात प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी असते आणि शेजारच्या अक्षरावर थोडीशी चढलेली असते. पाथला कड दिली की त्या प्रत्येक चढावर एक उभी रेघ उमटते, शिरोरेषा डागडुजी केलेल्या पाइपासारखी दिसते. फोटोशॉपच्या लेयर स्टाइलमधला स्ट्रोक पूर्ण लेयरची बाह्यरेषा घेतो, त्यात हे होत नाही. गिंपमध्ये टेक्स्ट लेयरवर ‘अल्फा टू सिलेक्शन’ करा, निवड २ पिक्सेल वाढवा आणि खालच्या नव्या लेयरवर रंग भरा.

आणि निशिगंध, तुम्ही म्हणालात ‘झूम करून बघितलं की सुंदर दिसतं’. झूम केलेला बॅनर तुमच्याशिवाय कोणीही कधीही बघणार नाहीये. ४०० टक्क्यांवर पिसं मोजत बसणं म्हणजे वेळ घालवायचा उत्तम मार्ग. काम करताना एक दुसरी खिडकी १०० टक्क्यांवर उघडी ठेवा. फोटोशॉपमध्ये विंडो, अरेंज, न्यू विंडो. गिंपमध्ये व्ह्यू, न्यू व्ह्यू. एका खिडकीत काम, दुसरीत खरं माप. निर्णय सगळे दुसऱ्या खिडकीत घ्यायचे.

गोगलगाय

मला नाव लुकलुकतं हवंय. जीआयएफ करता येईल ना? लाल, पिवळं, लाल, पिवळं.

चकवा

अरे बाबा, नको! वरती प्रतिसाद वाचतोय आणि खाली कोणाचा तरी बॅनर दिवाळखोरीत निघालेल्या सर्कशीसारखा चमकतोय, हे कोणालाच आवडत नाही. शिवाय सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं चित्र काही जणांना खरोखरच त्रासदायक ठरतं, अपस्माराचा झटका येऊ शकतो. सुलभतेच्या नियमांत ती मर्यादा म्हणूनच आहे.

हलतं हवंच असेल तर हळू काहीतरी कर. खंड्या मान वळवतो, दोन-तीन सेकंद थांबतो, परत वळवतो. आणि जीआयएफमध्ये एका फ्रेमला जास्तीत जास्त २५६ रंग, त्यामुळे पुसट फोटोचे ठिपके ठिपके होतात. सपाट रंगांचं चित्र असेल तरच जीआयएफ बरा. फ्रेमचा वेळ १० मिलिसेकंद किंवा शून्य टाकलास तर बहुतेक ब्राउझर तो आपल्या मनाने १०० करतात, म्हणून ‘माझं ॲनिमेशन हळू का चालतं’ असा नवा धागा काढू नकोस.

अर्धविराम

अवांतर: जीआयएफ १९८७ चा आहे, कॉम्प्युसर्व्हने आणलेला. त्याच्या आतली एलझेडडब्ल्यू ही दाबून बसवायची पद्धत युनिसिसच्या पेटंटखाली होती आणि १९९४ च्या अखेरीला त्याच्या वापराचे पैसे मागायला सुरुवात झाली. त्यावर चिडून लोकांनी पीएनजी तयार केला, १९९६ मध्ये तो प्रमाण म्हणून आला. अमेरिकेतलं ते पेटंट २००३ मध्ये संपलं, तोवर पीएनजी रुळला होता. अर्धवट पारदर्शकता, म्हणजे पुसट सावली वगैरे, जीआयएफला कधीच जमली नाही. तिथे पिक्सेल एक तर आहे, नाहीतर नाही.

साधामाणूस

अर्धविरामांना कुठलाही विषय द्या, पेटंटपर्यंत जातातच :)

निशिगंध

नाव गळ्याच्या पांढऱ्यात केलं. थरथर गेली. आणि हो, १०० टक्क्यांची खिडकी उघडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली: तार नेमकी माझ्या बारीक ओळीतून जातेय. ‘रिकामा’तल्या अक्षरांचे पाय कापल्यासारखे दिसतात.

सेव्ह करण्याचा प्रश्नही अजून आहेच. पीएनजी केली तर १०० केबीच्या वर जाते, जेपेगमध्ये अक्षरांभोवती कचरा.

तिरकीरेघ

तारेचा फायदा घ्या की. नाव तारेच्या वर बसवा, असं की अक्षरांचे पाय आणि तार यांत सात-आठ पिक्सेल राहतील. ‘निशिगंध’मध्ये खाली लोंबणारा उकार नाही, त्यामुळे ते सुटसुटीत बसतं. मग खंड्या आणि नाव दोघंही एकाच तारेवर बसल्यासारखे दिसतील. बारीक ओळ तारेच्या खाली, थोडी मोकळी सोडून. तार जरा तिरकी असेल तर मात्र फोटोच सरळ करून घ्या. वर शिरोरेषा आडवी आणि खाली तार तिरकी हे फार खुपतं.

पिक्सेलपंत

जेपेगच्या कचऱ्याचं कारण. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनात बारीक तपशील गाळतो. पुसट हिरव्यात गाळण्यासारखं काही नसतं, तिथे कळत नाही. पण ज्या चौकोनात अक्षराची तीक्ष्ण कड येते तिथे गाळलेल्या तपशिलाची लाट उमटते. तीच तुमची धूळ. त्यात भर म्हणजे रंगाची माहिती बऱ्याचदा अर्ध्याच बारकाईने साठवली जाते, त्यामुळे लाल-नारिंगी कडा फुटतात. तुमची चोच बघा, तिथेही झालं असेल.

गिंपमध्ये एक्स्पोर्ट करताना प्रगत पर्यायांत सबसँपलिंग आहे, तिथे ४:४:४, म्हणजे रंग पूर्ण बारकाईने, निवडा आणि क्वालिटी ८५ च्या आसपास ठेवा. फोटोशॉपच्या ‘सेव्ह फॉर वेब’मध्ये हा पर्याय वेगळा दिसत नाही, पण क्वालिटी ५१ किंवा वर ठेवली की रंग पूर्ण बारकाईने साठवला जातो. त्याच खिडकीत ‘कन्व्हर्ट टू एसआरजीबी’ची खूण ठेवा, ब्राउझर तीच रंगपद्धत धरून चालतात. कॅमेऱ्यात ॲडोबी आरजीबी लावलेलं असेल आणि प्रोफाइल गळून पडलं, तर खंड्याचा निळा ब्राउझरमध्ये मरगळतो.

जेपेगवर जेपेग मात्र सेव्ह करत जाऊ नका, दर वेळी नव्याने गाळलं जातं. लेयरसकटची फाइल, पीएसडी किंवा एक्ससीएफ, जपून ठेवा आणि बदल तिच्यातच करा.

आणि क्रम पाळा: आधी पट्टी कापा, मग ५०० बाय १५० ला आणा, मग हलकासा अनशार्प मास्क (कडा धारदार करणारं फिल्टर), रेडियस अर्ध्या पिक्सेलच्या आत, आणि नाव सगळ्यात शेवटी. मोठ्या चित्रावर लिहून नंतर लहान केलं की शिरोरेषेची कड दोन पिक्सेलच्या मध्ये अडकते आणि वरखाली करडी झाक येते. शेवटी लिहिलं तर अ‍ॅरो कीने टेक्स्ट एकेक पिक्सेल हलवून शिरोरेषा नेमकी बसवता येते. फोटोशॉपमध्ये अँटी-अलायझिंगचे, म्हणजे अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याचे, शार्प, क्रिस्प, स्ट्राँग, स्मूद असे पर्याय आहेत. बारीक ओळीला शार्प लावून बघा.

गोगलगाय

बॅनरला १ पिक्सेलची चौकट कशी देतात? गिंपमध्ये सिलेक्ट ऑल करून स्ट्रोक दिला तर अर्धी गायब होते.

चकवा

स्ट्रोक निवडीच्या कडेवर मध्यभागी बसतो, अर्धा आत, अर्धा चित्राबाहेर, म्हणून. सिलेक्ट ऑल कर, सिलेक्ट मेन्यूतून श्रिंक १ पिक्सेल, मग इन्व्हर्ट, मग नव्या लेयरवर रंग भर. श्रिंक केल्यावर काहीच हललं नाही तर त्याच खिडकीतली, निवड चित्राबाहेरही चालू आहे असं मानणारी खूण काढ. फोटोशॉपमध्ये स्ट्रोकला ‘इनसाइड’ निवडलं की झालं. काळी चौकट गडद थीमवर दिसणारच नाही, हे लक्षात ठेव. करडी किंवा अर्धवट पारदर्शक पांढरी घे.

निशिगंध

झालं बहुतेक! फोटो सरळ केला, नाव तारेवर बसवलं, गिंपमधून ४:४:४ ने जेपेग काढली, ४१ केबी. धूळ नाही. चौकट दिली नाही, हिरवं कडेला आपोआप गडद होतंय तेच पुरे वाटलं. बॅनर स्वाक्षरीत लावलाय, खाली बघा.

खडूफळा

वा! श मराठी आहे. बाकी काही असो, मी खूश.

चकवा

मान्य, न कापताही बॅनर होतो. चोच काय उठून दिसतेय! माझा पुढचा बॅनर मात्र रेंडरवालाच असेल, सांगून ठेवतो.

साधामाणूस

सुंदर झालाय. मी मोबाइलवरून बघतोय. नाव स्पष्ट आहे, पण खालची ओळ काही केल्या वाचता येत नाही. ‘पक्षी’ कळतंय, पुढचं मुंग्या वाटतात.

तिरकीरेघ

साहजिक आहे. मोबाइलच्या पडद्याची रुंदी ब्राउझरच्या हिशोबात बऱ्याचदा ३६० पिक्सेलच्या आसपास असते. ५०० चा बॅनर तिथे मावायला ७२ टक्क्यांवर येतो. १५ पिक्सेलची ओळ मग ११ पिक्सेलची उरते, आणि देवनागरीला तेवढ्यातच वर मात्रा आणि खाली उकार बसवायचे असतात. इंग्रजी ११ पिक्सेलला कशीबशी वाचता येते, आपली नाही. ओळ २० पिक्सेलच्या वर न्यावी लागेल.

निशिगंध

२० केली तर ती नावाशी भांडते, करून बघितलं. आणि तारेखाली तेवढी जागाही नाही.

अर्धविराम

मग ती चित्रात हवीच कशाला? बॅनरखाली साधा मजकूर म्हणून टाका. मोबाइलवर वाचता येईल, शोधात सापडेल, आणि डोळ्यांनी बघू न शकणाऱ्यांचं स्क्रीन रीडरही ती वाचेल. चित्राला पर्यायी मजकूर देता येत असेल तर तिथे नावही लिहा, ‘तारेवर बसलेला खंड्या, शेजारी निशिगंध हे नाव’ असं काहीतरी.

निशिगंध

हे पटलं. ओळ काढली, एक्ससीएफमध्ये लेयर नुसता लपवून ठेवलाय. तारेखालची जागा रिकामी झाल्यावर सगळी पट्टी १० पिक्सेल खाली घेतली, आता खंड्याच्या डोक्यावर थोडी हवा आली. फाइल ३८ केबी. मजकूर खाली टाकलाय. साधामाणूस, मोबाइलवर परत एकदा बघाल का?

साधामाणूस

बघितलं. आता दोन्ही वाचता येतंय.